घोंगडीची भोकं आणि खिशातली काडतुसं

आवं,

घोंगडीला भोकं पाडायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतं! माझ्या बापानं म्हसवडच्या जत्रेतनं आणलेली घोंगडी ती. काळीभोर, पावसाचा थेंब आत घेत नव्हती. तिची एक कड तुम्ही पार चाळण करून ठेवली आणि वर मला काय सांगितलंत? "उंदरं लागल्यात." उंदीर गोल कुरतडतो व्हय? आठ आण्याच्या नाण्याएवढं, सगळी भोकं एका मापाची? आणि मी खुळी, त्या उंदरांपायी मांजर पाळलं. त्या मांजरानं दूध सांडलं, कोंबडीची पिल्लं खाल्ली, वर माझ्या अंथरुणात ते चार वेळा व्यालं. सगळं त्या भोकांपायी!

हे मला कळलं कुठं, तर काल साताऱ्यात, सरकारी वकिलांच्या टेबलावर. नवऱ्याच्या करामती परक्या माणसाकडनं कळायच्या, हे काय बरं दिसतं का?

मंगळवारी माझी साक्ष आहे. लक्षूवरच्या केसची. तुमचाच भाऊ, तुमच्याच खुनाचा आरोप. वकील म्हणाले, "बाई, आठवतंय ते घरी एकदा लिहून काढा, म्हणजे तिथं गडबडणार नाही." म्हणून लिहायला बसले. पण पहिल्याच ओळीला तुम्हांला बोलायला लागले, ते काही थांबेना. शाळा चौथीपर्यंत, जोडाक्षरं चुकणार. चुकू द्यात. वाचायचं तुम्हांलाच आहे.

आधी वकिलांकडं काय झालं ते ऐका.

त्यांनी पुण्याच्या तपासणीचा कागद काढला. तुमची बंदूक, लक्षूची बंदूक, दोघांच्या जवळची काडतुसं, तुमच्या अंगातनं काढलेलं सगळं तिकडं गेलं होतं. वकील म्हणाले, "मयताला लागलेली गोळी..." मी तिथंच थांबवलं. म्हटलं, "गोळी नव्हं साहेब. छर्रं."

तुमचीच सवय लागली, काय करू? पलटणीतनं आलात ते शिकवतच आलात. गावात कुणी "गोळी घातली" म्हटलं की तुमचं सुरू. "गोळी डाक्टर देतो, रं. हे काडतूस हाय." मग आल्यागेल्याला धरून ओसरीवर शाळा भरायची. ही पुंगळी. पुंगळीच्या बुडाला ही टोपी. टोपीवर घोडा पडला की ठिणगी. ठिणगीनं दारू पेटती. दारूच्या वर बूच. बुचाच्या वर छर्रं. रायफलीच्या काडतुसाला पुढं एकच गोळी असती, तिथं बूच लागत न्हाई. आपल्या बारा बोअरला छर्रं, आणि छर्ऱ्यांत बारीक पाखराला, मोठं डुकराला. मी भाकरी थापता थापता ऐकायची. चहा जवळ आणून ठेवला तरी शाळा सुटायची नाही. शोभा तर पाहुण्यांपुढं टोपी, दारू, बूच, छर्रं असं कवितेसारखं म्हणून दाखवायची. आता वकिलांसमोर मी तेच म्हणून दाखवलं. ते चष्मा काढून माझ्याकडं बघायला लागले.

ते म्हणाले, "तुम्हांला एवढं माहीत आहे, तर हे ओळखा." आणि एक फोटो पुढं सरकवला. कागदावर काळं, गोल, लोकरीचं काहीतरी. कड जळलेली. "जखमेत मिळालं. दुकानच्या काडतुसात प्लास्टिकचं बूच असतं. हे लोकरीचं आहे. म्हणजे काडतूस घरी भरलेलं. कुणाची लोकर ही?"

मी त्या फोटोकडं बघत बसले. तेव्हा पहिल्यांदा कळलं, उंदीर कुठं गेला होता.

"माझी हाय," म्हटलं. "माझ्या घोंगडीची."

आवं, उडवलेल्या पुंगळ्या तुम्ही गोळा करता हे मला दिसत होतं. बार टाकला की लगेच बंदूक मोडायची, म्हणजे नळी बिजागरीवर खाली पाडून उघडायची, पुंगळी काढायची, सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकायची. कोंबडीची अंडी गोळा केल्यासारखं! धुतलेल्या सदऱ्याला दारूचा वास कधी गेला नाही. पण त्या परत भरता हे नव्हतं ठाऊक. ते कायद्यात बसत नाही हे तुम्हांला पलटणीत कुणी सांगितलं नव्हतं का? जगाला शिस्त शिकवायची आणि घरात हे उद्योग! परवान्यावर काडतुसं मिळत होती की साताऱ्यात. का तिथं दुकानात लक्षू भेटेल म्हणून जायचं नव्हतं?

तसंच असणार. मामंजींची बंदूक. मामंजी गेले आणि परवाना थोरला म्हणून तुमच्या नावावर झाला. तेवढ्यावरनं दोघं सख्खे भाऊ तोंड फिरवून बसलात. लक्षूनं स्वतःची दुसरी बंदूक घेतली, नवी कोरी. एका अंगणात दोन घरं, दोन बंदुका, आणि मधी मी आणि माझी जाऊ रंजना एकमेकींच्या वाटीत चटणी घालतोय. तेही तुम्ही दोघं बाहेर असताना! किती वर्षं? शोभाचं लग्न झालं त्याच्या आधीपासनं. तिच्या लग्नात सख्खा चुलता मांडवाच्या बाहेर उभा राहून अक्षता टाकून गेला. आत या म्हणायला तुम्ही उठला नाहीत. मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही फेट्याचं टोक नीट करत होता.

शोभानं ते मनात ठेवलंय. कालच सांगलीहून आली, साक्षीसाठी. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आई, तू एवढंच सांगायचंस, दोघांचं भांडण होतं. बाकी काही बोलायचं न्हाई."

मी म्हटलं, "बोलायचं काय ते मी ठरवीन."

"काकानंच केलंय. सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"गाव तिथं व्हतं का?"

"तू तरी व्हतीस का?"

नव्हते. तेच तर दुखणं आहे. मी घरात होते. भुईमूग काढायला आला होता, डुकरं रोज रात्री शेंगा उकरत होती. तुम्ही दिवस मावळायच्या आधी बंदूक घेऊन वर गेलात. भाकरी बांधून दिली. म्हटलं, एकटं जाऊ नका. तुम्ही गप्प. मग वरनं बार ऐकू आला. एकच. थोड्या वेळानं लक्षूची हाक आली. माझ्या नावानं हाक! इतक्या वर्षांत त्यानं मला हाक मारली नव्हती. पळत गेले तर तो तुम्हांला पाठीवर घेऊन बांधाखाली उतरत होता, आणि तुमचे पाय त्याच्या गुडघ्यांवर आपटत होते. मेढ्याच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये तुमचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं. पुढचं तुम्हांला माहीत आहे, किंवा नसेल. मेढ्याला पोचायच्या आधीच संपलं होतं.

त्या दिवशी पोलिसानं मला विचारलं, काय ऐकलंत? मी म्हटलं, "बार उडाला." त्यानं लिहिलं, "गोळी झाडल्याचा आवाज आला." आता तुम्हीच सांगा, हे एक झालं का? उडणं निराळं, झाडणं निराळं. फोडणीत मोहरी उडते, ती काय कुणी झाडते? मला वाचून दाखवलं तेव्हा माझं ध्यान नव्हतं. तुम्ही बाकड्यावर पांढऱ्या चादरीखाली होता, मी काय शब्द तपासत बसू? पण त्या एका शब्दावर केस उभी राहिली. झाडली म्हणजे झाडणारा आला. झाडणारा कोण? जवळ होता तो. तिथं दुसरं कोण होतं? लक्षू. बोलत होते का दोघं? नव्हते. झालं!

तपासणीच्या कागदात काय आहे ते वकिलांनी सांगितलं. लक्षूच्या बंदुकीतनं त्या दिवशी बार गेलाच नाही. तुमच्याच बंदुकीच्या उजव्या नळीत उडालेली पुंगळी होती, टोपीवर तुमच्याच बंदुकीच्या पिनेची खूण. छर्ऱ्यावर म्हणे नळीची खूण उमटत नाही, रायफलीच्या गोळीवर उमटते, म्हणून टोपी बघायची. बूच फार लांब उडत नाही आणि हे तर जखमेतच होतं. कातडी काळी पडलेली. म्हणजे अगदी जवळनं. मामंजींच्या त्या जुन्या बंदुकीचा उजवा घोडा ठोका बसला तरी पडतो, हेही लिहिलंय. पण ठोका बसला का कुणी चाप ओढला, ते बंदूक सांगत नाही.

मी म्हटलं, "मग सुटला की लक्षू. बंदूक ह्यांची, काडतूस ह्यांचं."

वकील म्हणाले, "तसं नाही. आरोपीनं बंदूक हिसकावून घेतली असं पोलिसांचं म्हणणं आहे. भांडण होतं ना?"

"मग लक्षू काय म्हणतो?"

"तो म्हणतो, दादा बांध उतरत होता, मी हात दिला. त्यानं हात धरला आणि पाय घसरला, बंदूक दगडावर आपटली." वकिलांनी खांदे उडवले. "इतकी वर्षं न बोलणारा माणूस भावाचा हात धरेल, हे कोर्टाला कसं पटायचं?"

खरं सांगू? मलाही पटलं नव्हतं. तुम्ही आणि हात धरणार! दवाखान्याची पायरी चढताना मी हात पुढं केला तर झिडकारणारा माणूस.

पण मग त्यांनी शेवटचे दोन फोटो दाखवले. "ही काडतुसं ओळखा, म्हणजे काम झालं." एका फोटोत दोन लाल काडतुसं. नवी, दुकानची, पितळी बुडाची, लक्षू वापरतो तसली. खाली लिहिलं होतं, मयताच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात, खिशाचं बटण लावलेलं. दुसऱ्या फोटोत दोन जुनी, फिकट, मळक्या पुंगळीची, तोंडाला मेण. ती मिळाली लक्षूच्या पिशवीत. पुण्याच्या तपासणीवाल्या बाईंनी एक उघडून बघितलं होतं. आत माझी घोंगडी.

वकील म्हणाले, "आरोपीनं मयताजवळची काडतुसं काढून घेतली, असा त्याचा अर्थ."

मी विचारलं, "आणि मग सोताची दोन त्यांच्या खिशात घालून बटण लावलं? चोर कधी बदल्यात ठेवून जातो का?"

त्यांनी जबाबाचा कागद उलटून बघितला. मग म्हणाले, "आरोपीच्या जबाबात आहे खरं, काडतुसं बदलली होती म्हणून. पण का बदलतील? त्याला काही कारण पाहिजे ना, बाई."

आवं, कारण! ते कारण ह्या जगात आता दोघांनाच ठाऊक आहे, मला आणि लक्षूला. आणि लक्षूचं कोण ऐकतंय!

मी नवीन लग्न होऊन आले, तेव्हा मामंजी तुम्हां दोघांना राखणीला पाठवायचे. मामंजींची ही बंदूक तुमच्या हातात आणि शेजारच्या आबांची मागून आणलेली लक्षूच्या. निघायच्या आधी मामंजी अंगणात उभं करायचे. "बदला." तुम्ही दोन काडतुसं त्याला द्यायची, त्यानं दोन तुम्हांला. एकमेकांच्या खिशात. मी दारात उभी राहून हसायची, म्हणायची, ही कसली खुळी रीत? मामंजी म्हणायचे, "सूनबाई, डोंगरात दोन बंदुका निघाल्या की एकमेकाचं काडतूस जवळ पायजे. मग माणूस दुसरा कुठं हाय हे इसरत न्हाई." आणि ती बदललेली काडतुसं उडवायची नाहीत, घरी येऊन परत करायची. लक्षू एकदा उडवून आला तर मामंजींनी त्याला जेवायला बसू दिलं नव्हतं. तुम्ही तुमच्या ताटातली भाकरी उचलून घरामागच्या परड्यात नेऊन दिलीत. मी बघितलं होतं.

दोघं वेगवेगळे डोंगरात गेलात आणि अचानक गाठ पडली, असं झालं असतं तर कोण बदलतं? भांडायला गेलेला माणूस काडतूस देऊन बटण लावून घेतो? बरोबर जायचं ठरलं, म्हणूनच बदललीत. कुठल्यातरी झाडाखाली तुम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलात. कुणी म्हटलं "बदला" म्हणून? तुम्ही म्हटलंत का त्यानं? मामंजी गेल्यावर ते कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं.

आणि मला सांगितलं नाहीत! बोलणं सुरू झालंय, एवढं तरी सांगायचं होतं. मी चोरून रंजनाच्या वाटीत चटणी घालत होते की हो! कधीपासनं? त्याच दिवशी, का त्याच्या आधीच आणि मी आपली उंदीर शोधत होते?

रात्री शोभाला हे सगळं सांगितलं. ती आधी ऐकूनच घेईना. मग म्हणाली, "म्हंजे कोर्टात सांगणार, बाबा चोरून काडतुसं भरत व्हते? बंदूक न मोडता बांध उतरले? बाबा? पलटणीत पोरांना शिकवणारा माणूस?"

"व्हय. सांगणार."

"गेलेल्या माणसाची अशी अब्रू घालवायची?"

"आणि जिता माणूस आत बसवायचा?"

ती रडायला लागली. मी काही जवळ गेले नाही. रडणं संपल्यावर तिनंच विचारलं, "पण आई, बाबांनी बंदूक का मोडली न्हाई? मला तर दारातनं आत येताना सुद्धा 'आधी मोडायची, मग पाय टाकायचा' म्हणून दाखवायचे."

ह्याचं उत्तर मला काय ठाऊक? मलाही तेच विचारायचंय. गावाला ओरडून सांगणारा माणूस, भरलेली बंदूक घेऊन बांध उतरतो. मोडलेली बंदूक उडत नाही, पण मोडायला दोन हात लागतात. मग एक हात कुठं होता? लक्षूच्या हातात होता का?

लक्षू म्हणतो, होता. मला वाटतं, होता. पण वाटणं निराळं आणि खरं निराळं. तुम्हीच शिकवलंत, गोळी निराळी आणि छर्रा निराळा.

म्हणून आता नीट ऐका. मंगळवारी मी घोंगडी घेऊन जाणार. वकील नको म्हणाले, फोटो पुरे म्हणाले. पुरे कसा? भोकं लोकांच्या डोळ्यांनी बघितली पाहिजेत. पिंजऱ्यात उभी राहून मी सगळं सांगणार. बार उडाला असं मी म्हटलं होतं, झाडला असं म्हटलं नव्हतं, हे आधी. मग घोंगडी. मग तुम्ही पुंगळ्या भरत होता हे. बंदूक मोडली नाही, हेही. मामंजींची रीत सांगणार, खिशातल्या लाल काडतुसांवर बोट ठेवून सांगणार. तुमची चूक मी झाकणार नाही. जिवंत होता तेव्हाही झाकली नाही. आणि लक्षू घरी आला तर मधल्या अंगणात एकाच चुलीवर दोन्ही घरांचा भुईमूग उकडणार. शोभा बसली तर बसेल, नाही तर सांगलीला जाईल.

पण त्याच्या आधी मला एक जबाब पाहिजे. तुम्ही त्याचा हात धरला होता का? एवढंच.

तुमचा जबाब कसा असतो, मला माहीत आहे. तीस वर्षं संसार केलाय. शोभाला सांगलीला द्यायची का, विचारलं. गप्प. म्हणजे व्हय. गाय विकायची का, विचारलं. गप्प. म्हणजे व्हय. टीव्ही मोठा घ्यायचा का? खाकरलात. म्हणजे न्हाई. सगळ्या जन्मात तुमचं न्हाई मला असं खाकरूनच कळलं. व्हय कधी तोंडानं आलं नाही. लय चिडायची मी. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं.

आता तुमचाच कायदा तुम्हांला लावते. हात धरला नसंल, लक्षूनं हिसकावली असंल, तर खाकरा. चुलीपाशी खाकरा, माळ्यावर खाकरा, परड्यात खाकरा. कुठंही. माझे कान अजून चांगले आहेत. ऐकलं तर मी शोभा म्हणते तेवढंच बोलून खाली उतरेन.

मंगळवारी अकरा वाजता पुकारा होणार आहे. सकाळची एसटी पकडेपर्यंत वाट बघते. तोवर काही ऐकू आलं नाही, तर हात धरला होता असं समजून बोलणार.

मंगळवारपर्यंत. मग तक्रार चालायची न्हाई.

शालन
(घोंगडी माझी आहे, हे विसरू नका)